शक्यता नाकारता येत नाही

आमच्या घरी दूध उतू गेलं, तर फडकं शोधायच्या आधी वन्संना हाक मारावी लागे. त्या येत, चुलीपुढे उकिडव्या बसत, ओघळ कुठून कुठे गेला ते पाहत आणि म्हणत, "हात लावू नका." मग पातेलं कोणत्या बाजूला कललं होतं, लाकूड पुढे कुणी सारलं, झाकण कुठे होतं, याची चौकशी. तोवर करपल्याचा वास माजघरापर्यंत जाई. शेवटी निष्कर्ष निघे, "जाळ मोठा होता आणि दुधाकडे कुणाचं लक्ष नव्हतं." हे मी चौकशीशिवाय सांगितलं असतं. लक्ष नसलेली बाई मीच होते.

वन्सं म्हणजे माझी नणंद, विमल. मी लग्न होऊन नागावात आले तेव्हा ती एवढीशी होती, झबल्यातून नुकती फ्रॉकात आलेली. पण सासूबाईंची शिस्त कडक. नणंद ती नणंद, तिला 'वन्सं' म्हणायचं आणि अहोजाहो करायचं. त्यामुळे "वन्सं, नाक पुसा," "वन्सं, मातीतून उठा," असली वाक्यं मी वर्षानुवर्षं बोलले. पुढे सासूबाई गेल्या, वन्सं माझ्यापेक्षा उंच झाल्या, मुंबईला कॉलेजात गेल्या, पण माझ्या जिभेचं वळण काही गेलं नाही.

वन्सं बी.एस्सी.ला होत्या, विषय रसायन. पण कुणी विचारलं तर तेवढ्यावर भागत नसे. "मी गुन्ह्यांचं शास्त्र शिकते," असं त्या सांगत.

"अशी पदवी असते?" आमच्या ह्यांनी एकदा विचारलं. हे अलिबागेला कचेरीत. छापील नमुन्यात न बसणारी कुठलीही गोष्ट ह्यांना बेकायदेशीर वाटते.

"नसते, दादा. म्हणून रसायनाच्या पोटात शिरून शिकायचं. दिवसा कॉलेज, आणि संध्याकाळी लायब्ररीत बसून विषं, रक्ताचे डाग, बोटांचे ठसे. पदवी हातात आली की सरकारी प्रयोगशाळेत अर्ज."

"तिथे बायका घेतात?"

"कुठल्या बाईने अजून अर्जच केला नाही म्हणतात."

हे ताटावरून अर्धवट उठले. ताकभातसुद्धा घेतला नाही.

हे खूळ शाळेतलं. कुणा मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं की मुंबईला अशी एक प्रयोगशाळा आहे, तिथे मेलेल्या माणसाच्या पोटातलं विष वेगळं काढून दाखवतात, आणि मग ज्याच्यावर नाहक आळ आलेला असतो तो सुटतो. वर्गातली बाकीची मुलं पोटातल्या विषाबद्दल बोलत घरी गेली. वन्सं दप्तरासकट स्वयंपाकघरात आल्या आणि मला म्हणाल्या, "वहिनी, सुटतो!" मला वाटलं, वासरू सुटलं. मी गोठ्याकडे धावले.

सुट्टीत येताना त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि बाटल्या जास्त. मागच्या पडवीत, जिथे मी सोललेले नारळ ठेवते, तिथे त्यांनी आपलं दुकान मांडलं. पहिल्या सुट्टीत विहिरीचं पाणी एका नळीत घेऊन त्यात कसलेसे थेंब टाकले. पाणी पांढरं फटक झालं. त्या ओरडतच आल्या, "वहिनी, पाण्यात क्लोराइड आहे!"

"म्हणजे काय?"

"मीठ."

"वन्सं, वाडीच्या मागे समुद्र आहे. या पाण्यात डाळ शिजत नाही हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं."

मग त्यांनी शेजारच्या विहिरीचं पाणी तपासलं, देवळातल्या विहिरीचं तपासलं, ओटीवरची धूळ कालवून तपासली, माझा पदर पिळून तपासला. सगळं पांढरं. "इथे काही सिद्ध करणं कठीण आहे," त्या हिरमुसून म्हणाल्या. "सगळ्याच गोष्टीत आधीपासून मीठ."

त्या थेंबांनी त्यांची बोटं काळी पडत. साबण, चिंच, राख, कशानेही तो डाग निघत नसे. एकदा दिवेआगरची मंडळी त्यांना पाहायला आली. पोहे झाले, चहा वन्संनी स्वतः आणून दिला, आणि मुलाच्या आईचं लक्ष बोटांकडे गेलं.

"हाताला काय झालंय हो?"

"सिल्व्हर नायट्रेट," वन्सं म्हणाल्या. "कातडी गळून पडेपर्यंत जात नाही."

बाईंनी पाय जरा मागे घेतले. मुलाच्या मामांनी विषय बदलावा म्हणून विचारलं, "कॉलेजात विशेष आवड कशाची?"

"विषांची."

मामांनी कप हळूच बशीत ठेवला. मी म्हटलं, "घ्या ना, गार होईल." ते म्हणाले, "नको, नको, आम्ही चहा घेऊनच निघालो." दिवेआगरहून चहा घेऊन निघालेला माणूस नागावात पोचेपर्यंत तसाच राहतो, हे मला नव्याने कळलं. मंडळी गेल्यावर हे डोकं धरून बसले. "आता सगळ्या किनारपट्टीत बोभाटा होईल. नागावच्या मुलीकडे चहा पिऊ नका म्हणून."

"शक्यता नाकारता येत नाही," वन्सं म्हणाल्या.

हे त्यांचं पेटंट वाक्य. सरकारी अहवालांत असतं म्हणे. त्यांनी ते घरात आणलं आणि आमच्या जिवाला घोर लावला. मांजर नुसतं शिंकलं तरी पिसाळण्याची शक्यता नाकारता येत नाही. बांगड्याचे डोळे लाल आहेत, तेव्हा मासा शिळा असण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे कचेरीतून उशिरा आले की बस खाडीत गेल्याची शक्यता तर मुळीच नाकारता येत नाही. मी स्वभावाने धडधाकट बाई आहे, पण त्या सुट्टीवर असल्या की मीसुद्धा अंथरुणं झटकताना दोनदा झटकायची. लोक म्हणत, एवढं शिकलेली मुलगी, बोलते किती ठाम! ठाम होतंच. फक्त जे काय ठाम सांगायच्या ते सगळं वाईट असे.

आता पाटलीची गोष्ट सांगते.

त्या वर्षी मे महिन्यात वन्सं यायच्या आदल्या दिवशी शेजारच्या गोदूकाकूंकडे पापड होते. आळीतल्या आम्ही सगळ्या बायका लाटायला गेलो होतो. गोदूकाकूंनी पापडाचं पीठ तिंबताना हातातल्या पाटल्या काढून कोनाड्यात ठेवल्या. संध्याकाळी पाहतात तर एकच पाटली. दुसरी नाही. कोनाडा पाहिला, पाट उचलले, पिठाचे डबे उपसले. एवढंच काय, सगळे पापड एकेक करून उन्हाकडे धरून पाहिले. पाटली नाही.

आळीतल्या बायकांपैकी कुणाचं नाव कसं घ्यायचं? सगळ्या नात्यातल्या, नाहीतर नात्यासारख्या. मग नाव आपोआप शेवंतीचं आलं. शेवंती गोदूकाकूंकडे आणि आमच्याकडे धुण्याभांड्याला यायची. तिचा नवरा पेणच्या बाजूला मिठागरावर. त्या दिवशी पापड उचलल्यावर तिनेच घर झाडलं होतं. उघड कुणी बोललं नाही. गोदूकाकूंनी फक्त तिला सांगितलं, "उद्यापासून आत येऊ नको हो, बाहेरूनच भांडी घे." तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं बसमधून उतरल्या. ट्रंक ओटीवर ठेवायच्या आत त्यांना बातमी मिळाली आणि पाणीसुद्धा न पिता त्या गोदूकाकूंकडे गेल्या. मी मागोमाग. त्यांनी पर्समधून पावडरचा डबा काढला, कोनाड्यात पावडर उडवली, फुंकर घातली आणि भिंग लावून बसल्या.

"अगो, काय शोधत्येस?" गोदूकाकूंनी विचारलं.

"ठसे. बोटांचे."

"मिळाले?"

"फार मिळाले," वन्संचा चेहरा पडला. "तेलाची वाटी इथेच ठेवली होती का?"

"मग कुठे ठेवणार? पापड लाटताना बोटाला तेल नको?"

म्हणजे आळीतल्या एकूणएक बाईची तेलकट बोटं त्या कोनाड्यात दिवसभर जात-येत होती. ठशांवर ठसे. त्यांत मांजराच्या पंजाचाही एक होता. "सगळ्याच संशयित," वन्सं म्हणाल्या.

"मीसुद्धा?" मी विचारलं.

"शक्यता नाकारता येत नाही, वहिनी."

गोदूकाकूंना हे पटलं नाही. त्यांना शास्त्र नको होतं, पाटली हवी होती. पोलीस तर मुळीच नको होते, कारण पोलीस आले की आधी चहा आणि मग चारचौघांत बदनामी. त्यांनी भिकोबा गुरवाला सांगितलं आणि ठरलं की मंगळवारी देवीच्या देवळात तांदूळ चावायचे.

आमच्याकडची ही जुनी रीत. देवीच्या पायाशी ठेवलेले तांदूळ गुरव चिमूट चिमूट देतो. संशयितांनी ते चावून केळीच्या पानावर थुंकायचे. ज्याचे ओले निघाले तो खरा. ज्याचे कोरडे, पिठासारखे, तो चोर. देवीच त्याचं तोंड सुकवते. त्या दिवशी गोदूकाकूंच्या घरात जी जी होती तिने चावायचे, म्हणजे शेवंतीवर अन्याय नको, असं गोदूकाकूंचं म्हणणं. पण कुणाचे तांदूळ बघायचे आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सोमवारी शेवंती आमच्या मागच्या दाराशी येऊन बसली. वन्सं पडवीत बाटल्या पुसत होत्या.

"वैनी, मी न्हाय घेतली."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

"तुमाला म्हाईत हाय, द्येवीला म्हाईत हाय. पन माजं त्वांड आत्ताच सुकलंय. उद्या तांदूल घातलं तर पीठच पडंल. पोरीचं लगीन आठ दिसांवर हाय. सोयरं ऐकतील तर दारातनं परत जातील. मंग मी कुटं जाऊ?"

ती सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती. मी तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि पुन्हा ओठ चाटायला लागली. वन्सं हातातली बाटली तशीच धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

ती गेल्यावर वन्सं ह्यांच्यामागे लागल्या. "दादा, भीतीने लाळ आटते. हे पुस्तकात दिलंय. यात चोर सापडत नाही, घाबरट सापडतो. तुम्ही भिकोबांना सांगा."

"मी?" हे म्हणाले. "देवीच्या कामात? आळीत राहायचंय आपल्याला. शिवाय तुझं अजून जमायचंय."

मग वन्सं स्वतः भिकोबाकडे गेल्या. भिकोबाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुस्तकात लिवलंय, बरं. द्येवीनं वाचलंय का पन त्ये?"

मंगळवारी सकाळी देवळात आळी जमली. पुरुष खांबांना टेकून उभे, बायका एका बाजूला. शेवंती अगदी शेवटी, भिंतीला चिकटून. भिकोबाने पानं मांडली आणि माझ्यापासूनच सुरुवात केली. मी चावले आणि थुंकले. माझे तांदूळ पेजेसारखे निघाले. "हां, वैनींचं काम पक्कं," भिकोबा म्हणाला. आणखी दोघींचे झाले. एकीला चावता चावता हसू आलं आणि अर्धे तांदूळ गिळलेच गेले. तिला दुसरी चिमूट मिळाली.

तेवढ्यात वन्सं पुढे आल्या. "मला द्या."

"तुमाला कशाला?" भिकोबा म्हणाला. "तुमी तर मुंबैला व्हता त्या दिवशी."

"म्हणूनच द्या. मी पाटली घेतली नाही, हे इथे सगळ्यांना मान्य आहे ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पापडांच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची ट्रंक बसवरून खाली घ्यायला निम्मी आळी होती.

"मग माझे तांदूळ ओले यायला पाहिजेत."

"येनारच की."

"बघू."

हे खांबाआडून कुजबुजले, "विमल, मागे हो." वन्संनी ऐकलं नाही. काळ्या बोटांनी तांदूळ तोंडात टाकले आणि चावायला लागल्या. बराच वेळ चावत होत्या. गाल हलत होते, कानशिलं हलत होती, देऊळभर तो करकर आवाज. मग वाकल्या आणि पानावर थुंकल्या.

कोरडं पीठ. जात्यातून पडावं तसं, पांढरं, सुटं. त्यांनी पान उचलून तिरकं केलं, तर ते भुरुभुरु खाली उडालं.

भिकोबा पुरता गोंधळला, पण मुरलेला माणूस, लगेच सावरला. "म्हंजे यांनी कवातरी, कायतरी चोरलंच असंल."

"आवळे!" गोदूकाकू एकदम ओरडल्या. "फ्रॉकात असताना माझे आवळे चोरायची! ओचा भरभरून!"

देऊळ हसलं. वन्सं हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा त्या पिठाइतकाच पांढरा होता.

"आवळे मी घेतले," त्या म्हणाल्या. "कबूल. पण काकू, पाटलीचं काय? मी तर नव्हते. मग देवीने माझं तोंड का सुकवलं?"

ज्यांची पाळी अजून यायची होती त्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांतली एक म्हणाली, "भिकोबा, हिचे कोरडे येतात तर माझे का नाही येणार? मी नाही हो चावायची." दुसरीने पदर खोचला आणि तिला भाजी करपल्याची आठवण झाली. पाहता पाहता बायकांची रांग मोडली. भिकोबाने उरलेले तांदूळ गोळा केले, देवीला नमस्कार केला आणि म्हणाला, "आज दिवस बरा न्हाय." शेवंतीपर्यंत चिमूट पोचलीच नाही.

पाटली आजपर्यंत सापडलेली नाही. गोदूकाकू अजून लग्नाकार्यात आधी सगळ्यांच्या मनगटांकडे बघतात आणि मग चेहऱ्यांकडे. पण एकदा रीत फसल्यावर नाव घ्यायची सोय उरली नाही. आठ-पंधरा दिवसांत भांडी पुन्हा आत आली, कारण बाहेर उकिडवं बसून घासलेली पितळ गोदूकाकूंना पसंत पडेना. शेवंतीच्या मुलीचं लग्न झालं. मी जाऊन तांब्या दिला.

वन्संना मात्र ते भोवलं. चौलच्या एका घरी बोलणं चाललं होतं, तिथून निरोप आला की मुलाला इतक्यात कर्तव्य नाही. आळीतली पोरं काही दिवस त्यांना पाहिलं की तोंडातून भुर्र करत. हे माझ्याशी धुसफुसत, "तुम्हीच तिला चढवून ठेवली आहे." वन्सं आपल्या बाटल्या धूत बसत.

मला एक गोष्ट विचारायची होती. एके दुपारी आमसुलं वाळत घालताना मी विचारून टाकलं.

"वन्सं, आता खरं सांगा. देवळात जाण्याआधी तुरटी चघळली होतीत ना?"

"तुरटी?"

"तोंड आखडून कोरडं पडावं म्हणून. रसायनवाल्या तुम्ही, एवढं कळत असणारच. चांगली युक्ती केलीत."

"नाही हो वहिनी," त्या म्हणाल्या. "युक्ती काही केली नाही. मला ठाऊक होतं, कोरडेच येणार."

"ते कसं?"

त्या आमसुलं एकेक करून सारखी लावत राहिल्या. वर पाहिलं नाही.

"माझं तोंड नेहमीच कोरडं असतं. प्रॅक्टिकलला परीक्षक बाजूला उभे राहिले की जीभ टाळ्याला चिकटते. त्यांनी काय विचारलं ते कळतं, पण सांगता येत नाही. होस्टेलच्या मेसमध्ये सगळ्या मुली गप्पा मारत जेवतात. माझा घास उतरत नाही. म्हणून सगळ्यांचं आटोपलं की मी जाते. आचारी दिवे बंद करायच्या आत, पाण्याबरोबर गिळते. तांदूळसुद्धा मी तिथे चावून बघितले होते. त्या रीतीबद्दल लायब्ररीत वाचलं, तेव्हा वाटलं बघावं आपलं काय होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी बघितले. पीठच."

"मग तरी चारचौघांत चावायला गेलात?"

"शेवंतीचे ओठ पाहिलेत तुम्ही?" त्या म्हणाल्या. "तिला काय होतंय ते तिथे फक्त मला कळत होतं."

आमसुलांवर कावळा आला होता, त्याला मी हाकललं. तीन वर्षं त्या मुंबईहून यायच्या आणि जायच्या. आम्ही दर वेळी बसमध्ये बसवून द्यायचो. ह्यांचं मत असं, की जी मुलगी प्रेतांच्या पोटातलं विष शोधणार ती रेवसच्या धक्क्यापर्यंत एकटी जाऊ शकते. मलाही ते पटलेलं होतं.

जूनच्या तोंडाशी, पावसाने मुंबईची लाँच बंद व्हायच्या आत, वन्संचं जायचं ठरलं. शेवटचं वर्ष होतं. त्या सकाळी मी हातातलं काम आवरलं, ह्यांचा स्वयंपाक झाकून ठेवला, चांगलं लुगडं नेसले आणि बसमध्ये वन्संशेजारी बसले. त्यांना वाटलं, मी अलिबागेला उतरेन. अलिबाग आलं, गेलं. रेवसला मी दोन तिकिटं काढली. धक्क्यावर लाँच हेलकावत होती. खलाशाने आधी ट्रंक घेतली आणि मग हात दिला. वन्सं फळीवरून आत गेल्या, दोन्ही हातांनी कठडा धरून बाकावर बसल्या आणि वळून बघतात तर मी त्यांच्या मागेच.

"वहिनी, तुम्ही कुठे?"

"मुंबईला. मला चहाची गाळणी घ्यायची आहे."

"ती तर अलिबागेला मिळते."

"मिळते की," मी म्हटलं. "सरका जरा तिकडे."